टपरी जागेवर, गेट मागच्या भिंतीत

आदरणीय आनंदराज मामांना,

मनिषाचा सविनय जयभीम. मामींनाही सांगा. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं लुंबिनीताईच्या फोनवरून कळलं. आता चांगलं दिसायला लागलं असेल, तेव्हा हे पत्र कुणाकडून वाचून न घेता स्वतःच वाचा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीच नाही.

पंधरा दिवसांपूर्वी प्रेमच्या दप्तरात (तुम्हीच नांदेडहून आणलेलं, निळं) गणिताच्या वहीत गुटख्याची पुडी सापडली. पोरगं आठवीत आहे, मामा. गुटख्यावर बंदी येऊन इतकी वर्षं झाली की बंदीच्या साली जन्मलेली पोरं आता तो खायला लागली. मी त्याच्या हातात एक रुपया देत नाही, मग पुडी आली कुठून, असं दोन दिवस विचारलं. तोंड शिवल्यासारखा उभा. रात्री मी रडले, सकाळी उठून रागावले आणि शाळेत गेले. प्रेम शिकतो ती आणि मी शिकवते ती शाळा एकच, तुमच्या गावची. तिच्या गेटसमोर व्यंकटीची पानटपरी आहे. ती तिथून हलवायचीच, असं ठरवलं.

नियम माझ्या बाजूने होता. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदाच आहे. शिवाय तंबाखूमुक्त शाळेची मी नोडल शिक्षिका (ज्या बैठकीत हे पद वाटलं गेलं त्या दिवशी मी रजेवर होते, एवढीच माझी पात्रता). तर मी शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावली. अध्यक्ष महादेवप्पा. आधी तंबाखूमुक्तीची शपथ घ्यायची होती. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला, कारण डाव्या तळव्यावर चुना लावलेली तंबाखू तयार होती आणि ती सांडली असती. शपथ महादेवप्पांनी वाचायची होती, पण त्यांच्या गालात ऐवज असल्याने प्रत्येक ओळ मी वाचली आणि ते हुंकार देत गेले. मग दोन सदस्य बाहेर जाऊन थुंकून आले आणि सभा सुरू झाली. (थुंकले ते ‘येथे थुंकू नये’ या पाटीवर. पाटी नसती तर नेमकं कुठे थुंकायचं हे त्यांना कळलं नसतं.)

हेडमास्तरांनी लांब उडीचा टेप काढला. त्याची पहिली दोन मीटर तुटलेली आहेत, ती तोंडी धरायची असतात. गेटपासून टपरी अडतीस मीटर भरली. मला वाटलं, झालं काम. यावर महादेवप्पांनी खिडकीतून पिंक टाकली आणि मोकळ्या तोंडाने बोलले, ‘मॅडम, टपरी हलवा असं लिवलंय का त्याच्यात? अंतर पायजे म्हणलंय. अंतर देऊ की.’

आणि दिलं, मामा. तुमचा विश्वास बसणार नाही. आठ दिवसांत गवंडी लावून शाळेचं गेट विटांनी बुजवलं आणि मागची भिंत फोडून तिथे नवं गेट काढलं, नाल्याच्या अंगाला. खोल्यांना पत्रे घाला म्हणून मी तीन वर्षं अर्ज करतेय, त्याला निधी नाही. याला निधी, वाळू, गवंडी, सगळं एका दमात आलं. मग नव्या गेटपासून टपरीपर्यंत वळसा घालून टेप लावला. बरोबर एकशे चार यार्ड. चार यार्ड सरकारला वरकड दिले, म्हणून हेडमास्तर खूश. बुजवलेल्या जागेवर ‘आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा’ असं पिवळ्या रंगात लिहिलं, आणि रंगारी दुपारभर व्यंकटीच्या सावलीत बसून ते न्याहाळत होता.

गंमत पुढेच आहे. पूर्वी बौद्धवाड्याकडून आणि तांड्यावरून येणारी निम्मी पोरं सरळ गेटातून आत शिरायची, टपरीकडे फिरकायचीही नाहीत. आता मागच्या गेटाला जायला वाट एकच, टपरीच्या फळीला घासून. एकशे ब्याऐंशी पोरं, जाताना एकदा, येताना एकदा. व्यंकटीने त्या अंगाला नवी फळी ठोकली आणि पुड्यांच्या माळा पोरांच्या हाताला येतील इतक्या खाली टांगल्या. आमच्या समितीएवढा कुणाचाच उपयोग त्याला आजवर झाला नव्हता.

आता राहिली माझी सही. ‘शंभर यार्डांत विक्री नाही’ या दाखल्यावर नोडल शिक्षिकेने सही करायची, सोमवारी तो फोटोसकट वर पाठवायचा, आणि शाळेला प्रमाणपत्र. हेडमास्तर रोज पेन उघडून माझ्यापुढे धरतात. मी सही केली तर माझ्याच पोराच्या दप्तरातल्या पुडीवर सही केल्यासारखं होईल. ती मी करणार नाही, मग बदली होवो नाहीतर नोटीस येवो.

मामींच्या गुडघ्यांना तेल लावत जा. कळावे.

तुमची भाची,
मनिषा

ता. क. एक सांगायचं राहिलं, खरं तर मुद्दाम ठेवलं. टपरी उचला म्हणून मी पुन्हा महादेवप्पांकडे गेले, तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘जागा तुमच्या मामाची हाय. आधी त्यायला इचारा, मग आमाला शिकवा.’ मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही अख्खं आयुष्य मोजणी खात्यात काढलंत, तेव्हा आपला गुंठा कुठे आहे आणि शाळा कुठे, हे तुम्हाला टेप न लावता ठाऊक असणार. प्रत्येक लग्नात पंचशील झालं की तुम्ही पाचव्या शीलावर, नशेपासून दूर राहण्यावर, अर्धा तास बोलता. यावेळी बोलू नका. सोमवारच्या आत या आणि ती टपरी उठवा.

ता. क. २. पाकीट बंद करताना प्रेम शेजारी येऊन बसला. कुणाला लिहितेस म्हणाला, मी तुमचं नाव सांगितलं. तेव्हा कुठे तो बोलला. पुडीला पैसे लागलेच नव्हते. व्यंकटी त्याला म्हणतो, ‘तू मालकाचा नातू, तुझ्याकून पैसे कसे घिऊ?’