वार सात, उपास सात

प्रिय सरू,

हे पत्र तू एकटीनेच वाच, मावशींना वाचून दाखवू नकोस. चौथीपर्यंत शाळेत बसलो त्याचा काही तरी उपयोग होऊ दे.

मी बरी आहे. 'हे' लोणावळ्याच्या यार्डात सांधेवाले आहेत, गाड्यांसाठी रूळ बदलतात, आठवडाआड रात्रपाळी. विजेची गाडी सुरू झाल्यापासून खोलीत धूर तेवढा कमी येतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा मात्र वर्षभर मी तुला एक ओळ लिहिली नाही. उठावेसे वाटेना, वेणी घालावीशी वाटेना, घास नुसता तोंडात फिरायचा. कुणी विचारले की म्हणायचे, आज उपास. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्याचा. बुधवार उरला होता, तो पांडुरंगाला दिला. देव तेहतीस कोटी, मला कमी पडणार कसे? कपभर चहा आणि चिमूटभर शेंगदाणे, झाला दिवस. आणि अगं, चाळीत केवढे कौतुक! न जेवणाऱ्या बाईला कुणी आजारी म्हणत नाही, देवभोळी म्हणतात. जेवढे कमी खाल्ले तेवढे मन काळवंडत गेले. पुढे पुढे वळवणच्या तळ्याकडे पाय वळू लागले. हे मी अजून कुणाला सांगितलेले नाही.

शेजारची बायडाबाई डोंगरातल्या वाडीची, रुळांवर खडी टाकायला जाते. एका दुपारी ती नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन माझ्या दारात बसली. म्हणाली, "आज कुटला देव?" मला वारच आठवेना. "लय देव पाळलेस गं. एवढ्यांना पोसायचं तर तू जगाय पायजे. तू खाल्लंस तर मी खाईन, न्हाई तर बसते हितंच उपाशी." दिवसभर राबून आलेली बाई, भुकेने तिचा चेहरा उतरला होता. लाजेकाजेने मी तुकडा मोडला आणि एकदम रडूच फुटले. ती म्हणाली, "रड, पर चावून रड."

नाचणीने दुःख पळते असे मी म्हणणार नाही. एकटेपण होते तिथेच होते. पण रोज आंबील, ताक, माठाची भाजी असे काहीबाही पोटात पडू लागले, तसे सकाळी उठावेसे वाटू लागले. एके दिवशी नळावर मी कडाकडा भांडले. ह्यांना इतका आनंद झाला की विचारू नकोस.

परवा तळेगावच्या बाजारात मावशी भेटल्या. "आमची लेक सरू सासरनं परत आल्यापास्नं लय देवाची झालीया. सातीबी वार पाळती. इंदुरीच्या बाया तिच्या पाया पडाय येत्यात." अभिमानाने सांगत होत्या, आणि मला माझे वार आठवले. तुझे गुपित मी फोडले नाही. एवढेच म्हटले की माझा नवस आहे, सरूबरोबर एका ताटात जेवायचे. ती जेवल्याशिवाय तो फिटत नाही. नवसाला मावशी मोडता घालायच्या नाहीत, आणि कुठल्या देवाचा ते त्यांनी विचारलेही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने उपाशीपोटी निघते, तळेगावाहून इंदुरीला चालत येते. सरू, मला पुण्यवान मैत्रीण नको, तू हवी आहेस. चूल पेटवून ठेव.

तुझ्या ताटाची वाटेकरी,
तुझीच सावित्रा