परत आलेल्या बरण्या

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हातात पळी होती, ती आधी बाजूला ठेवली). तुझी सर्दी गेली का? भावोजींचं घोरणं कमी झालं का? इकडे मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धीर येईल.

नोकरी सुटल्यावर मी घरीच सूप करून विकणार म्हणालो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "चहासुद्धा उतू घालवणारा माणूस तू. महिन्याभरात गाशा गुंडाळशील." त्यावर मी नको ते बोललो आणि त्या दिवसापासून तू इकडे फिरकली नाहीस. तर कळवायला आनंद होतो, की सहा महिने झाले आणि पातेलं अजून गॅसवर आहे.

भाजी मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून घेतो, तीही गिऱ्हाइकांनी नाकारलेली: वाकडी गाजरं, एका अंगाने चपटे भोपळे. उकिरड्यावर जाण्यापेक्षा माझ्याकडे येऊ दे, असं मी तिला एकदा मोठ्या मनाने म्हणालो. दुसऱ्या दिवशी जिन्यात सतरा भोपळे. दोन दिवस शेजारी ते ओलांडून कामाला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने सूप विकत घ्यायला सुरुवात केली, निदान वाट तरी मोकळी व्हावी म्हणून. माझा धंदा वाढला तो असा.

सूप काचेच्या बरणीत द्यायचं आणि बरणी धुऊन परत करायची, असा माझा नियम आहे. दुपारी रिकाम्या बरण्या खिडकीत ठेवल्या, की भिंतीवर हिरवट उजेड हलत राहतो, पातेल्यातून वाफ वर जाते, आणि मी कुठल्या कुठे जातो ते माझं मलाच कळत नाही. तीस वर्षं घड्याळाकडे बघण्यात गेली, आता भोपळा शिजताना बघत बसतो. फार बरं वाटतं गं. परवा अशाच तंद्रीत घोळ झाला. खालच्या शिंप्याने बरणी परत करताना आत चार बटणं घालून पाठवली होती (माझ्या सदऱ्याची दोन तुटलेली त्याने पाहिली होती). मी त्या बटणांवरच सूप ओतलं. ती बरणी गेली निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे. त्यांनी बटणं धुऊन परत पाठवली, सोबत चिठ्ठी: 'चव चांगली. लक्ष नाही. दहापैकी सहा.' शाळेत मला इतके कधी मिळाले नव्हते, हे तुला माहीतच आहे.

एकूण काय, मी सुखात आहे. मला कोणाची गरज नाही. आता थांबतो, पातेल्याच्या बुडातून जळका वास येतोय.

तुझा
धाकटा

ता. क. 'कोणाची गरज नाही' हे खोडणार होतो, पण अक्षर चांगलं आलं होतं.

आणखी एक ता. क. चौथ्या मजल्यावरची नर्स दर शनिवारी दोन बरण्या नेते, 'एका पेशंटसाठी' म्हणून. त्या परत येतात आतून कोरड्या पुसलेल्या, झाकणाखाली फडक्याची घडी ठेवून. तशी घडी आई ठेवायची. आईनंतर तशी ठेवणारं एकच माणूस मला माहीत आहे आणि त्याचं घर त्या नर्सच्या दवाखान्यासमोर आहे. ताई, सहा महिने तू माझं सूप पितेस आणि मीठ कमी पडतं की जास्त, एवढंही कळवत नाहीस. माझं चुकलं. या शनिवारी मी नर्सकडे बरण्या देणार नाही. तू ये. जिना चढवत नसेल, तर खाली उभी राहून हाक मार. पातेलं घेऊन मीच खाली येतो.