खोली मावंल असा कॅमेरा

४ मे, सोमवार
कुसुमचं घर विकायचं माझ्याकडं आलं. महाळुंगे पडवळ, रस्त्याला लागून. तिचे गुडघे गेलेत. मंचरला लेकीच्या शेजारचा फ्लॅट बघून ठेवलाय, हे घर गेलं की तो घ्यायचा. दीर तिचा, बोलतो कसा, "शालनताई काय घर विकणार? परवापर्यंत डेअरीला दूध घालत व्हती. महिनाभर बघा, न्हाईतर पुण्याच्या एजंटाला देतो."
देतो म्हणं. माझ्या हातनं सात घरं गेलीत. आठवं कुसुमचं. शाळेत एका पाटीवर लिहिलंय आमी दोघींनी, तिचं घर दुसरा कोण विकंल?
मोबाईलवर फोटो काढले. हॉल खुराड्यागत दिसतोय. भिंतीला पाठ चिकटली तरी समोरचं दार मावंना.

६ मे
नारायणगावला स्टुडिओत गेले. राजूभाऊला म्हणलं, पर्समधी बसंल असा कॅमेरा दे, आधी वापरणार, मग घेणार. त्यानं लांब नळीचा काढला. "ताई, झूम बघा, नारायणगडावरचा झेंडा दिसंल."
दिसला झेंडा. पण कुसुमची मोरी मावंना.
अरं बाबा, मला लांबचं जवळ आणायचं न्हाई. जवळचं लांब ढकलायचंय.

९ मे
झूमचा परत केला. राजूभाऊ हसला, म्हणला हे आधी सांगायचं ना. आता रुंद काचेचा दिला. सगळं मावलं. लईच मावलं. हॉल मंगल कार्यालय झाला. फ्रीज वाकडा, खांब धनुष्यागत. आमच्या ह्यांनी बघितलं, "दोन लग्नं एकदम लागतील गं इथं."
तरी व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकले. घाई माझी.

११ मे
ओतूरचं गिऱ्हाईक आलं. टेप काढला, मापलं, माझ्याकडं बघितलं. "ताई, फोटोत आमचा सोफा बसत व्हता."
कुसुमनं केलेला चहा पण थांबून प्याला न्हाई. असलं नाय करायचं. फोटो काढून टाकले.
घर हाय तेवढंच दिसलं पायजे. कमी न्हाई, जास्ती न्हाई.

१३ मे, बुध.
राजूभाऊ काचांचे आकडे सांगायला लागला, २४ घ्या, अमकं घ्या. म्हणलं आकडे ठेव तुझ्यापाशी, तुझ्या मागच्या अंधाऱ्या खोलीत चल. चार कॅमेरे घेतले, एका जागी उभी राहिले, चारीनं तोच कोपरा काढला. तिन्हींत खिडकी पांढरी फटक, कोपरा काळा ठिक्कर. चौथा छोटा, साबणाच्या वडीएवढा. कट कट कट, तीन फोटो काढून आपला आपण एक करतो. खिडकीतलं जास्वंद पण दिसलं आन् कोपऱ्यातली केरसुणी पण. दाराची चौकट सरळ. मागचा फोटो बघायचा पडदा वर उलटतो, म्हणजे खाली वाकायला नको.
हाच. राजूभाऊ म्हणला, "चार दिवस वापरा, मग ठरवा." ठरलंय रे.

१४ मे
कुसुमकडं. हात हलतो म्हणून टोमॅटोची चार कॅरेट एकावर एक, वर कॅमेरा. बरोब्बर छातीला येतो. बटण दाबून बाजूला व्हायचं, तो दोन सेकंदानं काढतो. कुसुम नवी साडी नेसून खाटंवर बसली. "मला पण घे की."
"तुला विकायचं न्हाई, ऊठ."
उठली, पण तोंड फुगवून.
कांदाचाळ भरली म्हणून राहिलेला कांदा हॉलात ओतलेला, अर्धा हॉल. असू दे म्हणलं, या उन्हात कोण उचलतंय. फोटो असले झकास आले की कांद्याचे पापुद्रे मोजून घ्यावेत. टाकले ग्रुपवर.

१५ मे
सकाळी सातपासनं फोन. अकरा आले. एकानं घर इचारलं न्हाई!
"ताई, कांदा गरवा हाय का, टिकणारा?"
"किती पिशव्या भरतील?"
"घर विकायचंय हो, घर!"
"घराचं राहू द्या, कांद्याचं बोला. असला निवडक माल फोटोत पहिल्यांदा बघितला."
कुसुमकडं पोचेपर्यंत मी तिघांवर खेकसले. चौथ्याच्या टायमाला कुसुमनं फोन वढून घेतला आन् भाव करायला बसली. माझ्यापेक्षा भारी करती. आमी दोघी पोट धरून हसलो. घर विकायला गेले, कांदा विकून आले.

१७ मे, रवि.
पहाटंच टेम्पो आला, कांदा गेला. कुसुमनं झाडून पुसून घेतलं. फरशी हिरवी हाय! आजपर्यंत म्हाईतच नव्हतं. आठाला पूर्वेच्या खिडकीतनं ऊन पार आतल्या दारापर्यंत येतं. तेवढ्यात काढले, लगेच ग्रुपवर टाकले.
दुपारी फोन. डिंगोरे गावचं जोडपं, दोघं चाकणला कंपनीत हायेत. पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो म्हणले. मी आपलं आधीच सांगितलं, टेप घेऊन या.

१९ मे
कुसुमला कॅमेऱ्यातच फोटो दाखवले. लई वेळ बघत बसली.
"हे माझं हाय व्हय?"
"मग कुणाचं?"
"लग्न होऊन आले तवापासनं इथं कांदा, न्हाईतर बटाटा, न्हाईतर बियाणं. ढिगातनं वाट काढता काढता गुडघे गेले बघ." मग उठली, खाट वढत खिडकीपाशी नेली आन् आडवी झाली. दुपारभर झोपली.
उठल्यावर म्हणती, मोरीचा कट्टा खाली घेतला तर इथंच राहायला जमंल. लेक काय, गाडीवर वीस मिनिटात येती.
"कुसुम, रविवारी माणसं येणारैत."
"येऊ देत की. पोहे करते."
डोकं फिरलं माझं. पंधरा दिवस तंगडतोड कुणासाठी केली? घरी येऊन फोटो परत बघितले. चांगलेच आलेत, करणार काय.

२३ मे, शनि.
कॅमेरा घेतला. माझा. काळा. राजूभाऊनं पेढा दिला.
कुसुमचा दीर भेटला. फोटो बघितलेत त्यानं. "शालनताई, आमच्या मंचरच्या गाळ्याचे पण काढता का?" ताई आता तोंडभरून. बघीन म्हणलं, सवडीनं.
संध्याकाळी कुसुमकडं. बाईनं पडदे लावलेत. म्हणलं, विकायचं का न्हाई, एक काय ते बोल.
म्हणती, "उद्या त्यांच्या आईला खिडकीपाशी खाटंवर बसवते. म्हातारी तिथनं उठंना झाली, तर घर तिचं. उठली, तर माझं."
आता ही काय विकायची रीत झाली? दहाला येणारैत. मी नवालाच जाते, खिडकीच्या काचा पुसायच्या राहिल्यात.