बस स्टेशनचा इतिहास आणि सुमेधाचे तीन तास

ती. आशावहिनींना पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही ठीक आहेत, बाकीचा मी पार दमलोय.

कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या या गावातलं बस स्टेशन आता पाडणार आहेत. (निम्मं छत आधीच गेलंय, उरलेलं कबुतरांकडे आहे.) त्याच्या इतिहासावर लायब्ररीत कुणीतरी बोलावं असं ठरलं आणि रिटायर्ड सर्जनला दुसरं काय काम, म्हणून मला धरलं. महिनाभर कौन्सिलच्या फायली चाळल्या. उद्घाटनाच्या तारखा तीन सापडल्या, तिन्ही वेगळ्या. शनिवारी भाषणाला सोळा माणसं आली, त्यातली चार पावसामुळे. सुमेधा पहिल्या रांगेत. (मीच आग्रह केला, वहिनी. मीच.)

लोक पेंगायला लागले, म्हणून जरा घरगुती आठवण सांगावी म्हटलं. १९७८ च्या मे महिन्यात सुमेधा लग्नानंतर प्रथमच इकडे आली ती याच स्टेशनवर उतरली आणि मला इमर्जन्सी ऑपरेशन निघाल्यामुळे बिचारी तीन तास शालूत कुडकुडत बसली. (हे ऑपरेशन तुम्हीही सत्तेचाळीस वर्षं ऐकताय.)

तर मागून नव्वदीच्या एक बाई उठल्या. या तेव्हा तिकिटाच्या खिडकीत होत्या. इतक्या आनंदाने म्हणाल्या, "त्या मुलीला चहा मीच दिला! आणि डॉक्टर, तुम्ही तुमची बॅट माझ्याकडे ठेवून, वर पांढरा कोट चढवून तिच्याकडे धावलात!"

वहिनी, खरं सांगतो, खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. मॅच लांबली. पांढरे कपडे बघून सुमेधालाच वाटलं मी थेट थिएटरमधून आलो. पॅन्टवरचा चेंडूचा तांबडा डाग बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापुढे माझी जीभच उचलेना. पुढे रोज उचलणं आणखी अवघड होत गेलं.

लायब्ररी एकदम जागी झाली. सुमेधाने शांतपणे विचारलं, "किती केल्यात?"

"बासष्ट," मी म्हणालो. इथवर ठीक होतं. पण तोंडातून निघून गेलं, "नाबाद."

रविवारी सकाळी ती शाल्मलीकडे एडिनबराला गेली. लेक फोन उचलते आणि म्हणते, "बाबा, आई बिझी आहे." घर फार शांत झालंय. टोस्ट खाऊन कंटाळलो.

आपला,
पद्माकर

ता. क. तिला तुम्ही फोन करा. तुमचं ती ऐकते. तो चुकला, आणि त्याला कळतंय, एवढंच सांगा.

ता. क. २. बोलता बोलता जून १९८३ मधल्या माझ्या लंडनच्या कॉन्फरन्सचा विषय निघालाच, तर ती हर्नियावर होती आणि लॉर्ड्सच्या मैदानापासून बरीच लांब होती.