जावईबापूंनी आवळलेला स्टड

घोडेगाव

नटबोल्टनिपुण जावईबापू अजिनाथराव यांस,

सहादेवचा रामराम. इकडं सगळी खुशाल. गाडीही कालपासून खुशाल आहे. व्याह्यांची तब्येत बरी असेलच, आणि तुमच्या उजव्या मनगटात देवानं काय ताकद दिलीय ती आम्ही पाहिलीच. फोन केला असता, पण जावयाशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून ‘हो हो’शिवाय काही निघत नाही.

अधिकात तुम्ही धोंडे जेवायला आलात. वाण म्हणून कपडे नकोत, पान्यांचा सेट द्या म्हणालात, तोही हौसेनं दिला (इथंच माझं चुकलं). असं जेवण झाल्यावर माणसं लवंडतात. तुम्ही तुपाच्या हातानं बोनेट उघडलंत. आमची गाडी जरा फटफटते, ते तुमच्या कानाला सोसलं नाही. सायलेन्सरचा पाईप इंजिनाला धरून ठेवणारा स्टड ढिला आहे असं निदान करून, पान्याला हातभर लोखंडी पाईप जोडून तुम्ही आवळायला लागलात. अधिकात जावयाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून सगळं घर गप उभं. मी तर उजेडाला हातातली बॅटरी धरली होती. कट्‌ असा आवाज आला, तेव्हा तुमच्या सासूबाई म्हणाल्या, “बसला वाटतं.” तुम्हीही मान डोलावलीत, सेट पिशवीत घातलात आणि शेवगावची एसटी धरलीत.

अर्धा स्टड इंजिनात मोडून राहिला, आणि शुक्रवारी आमच्या ज्योतीला तुमच्याकडून बाळंतपणाला माहेरी आणायचं. पहिलटकरीण पोर त्या खड्ड्यांतून एसटीनं आणायची म्हणून माझा जीव टांगणीला लागला. तुमचा रागही आला, खरं सांगतो.

कारभारी मिस्त्रीला बोलावलं (त्याचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं). त्यानं आधी तेल सोडून थोटूक भिजत ठेवलं. मग त्याला भोक पाडून उलट्या आट्यांचं हत्यार घालून फिरवलं, तर ते हत्यारही आतच मोडलं. म्हणजे न्यायला गेलेला पाहुणाही तिथंच मुक्कामाला. “लई पैलवान जावई हाय यांचा,” हे कारभारीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. बाजारात बैल बघायला आलेली माणसं आधी आमचं इंजिन बघून जायची. शेवटी थोटकावर नट वेल्डिंग करून, लाल असतानाच मागंपुढं हलवत त्यानं ते काढलं.

असो. लोभ असाच ठेवा, पाईप मात्र ठेवू नका.

तुमचा बॅटरीधारक सासरा,
सहादेव

ता. क. : शुक्रवारी ज्योतीला न्यायला गाडी घेऊन येतो. तिच्या सामानात पान्यांचा सेट द्यावा. अधिकातलं वाण परत मागत नाहीत, म्हणून उसना मागतोय. नातवंड गाडी चालवायला लागलं की परत करीन.

पुन्हा ता. क. : हे सासूबाईंना कळू देऊ नका. कारभारीनं आत्ताच थोटूक हातावर ठेवून दाखवलं. स्टड आधीच अर्धा चिरलेला, चिरेत जुना गंज. तुम्ही मोडला नसता तर शुक्रवारी वाटेत मोडला असता, ज्योती आत बसलेली असताना. सेट राहू द्या तुमच्याकडंच. मागच्या चाकापाशी काहीतरी खडखडतंय, आलो की जरा बघा. बॅटरी मी धरतो.