विळी, ग्रहण आणि माझा ओठ

बाबा,

काल ग्रहण होतं म्हणून शेजारच्या गरोदर सुनेनं दिवसभर भाजी चिरली नाही, आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. माझा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला, आणि आपल्या गावात, औंढ्यात, सगळ्यांना त्याचं कारण ठाऊक होतं: मी पोटात असताना आईनं ग्रहणात विळीवर बसून कांदा चिरला होता. ती स्वतःही तेच मानायची. मला अंगावर पिता येईना म्हणून तिनं बोंडल्यानं थेंब थेंब दूध घालून मला जगवलं. तरी आठ वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं की मान तीच खाली घालायची.

तुम्ही लोणावळ्याच्या बंगल्यांवर दूध घालायचात. एकदा मी हट्टानं सोबत आले. एका बंगल्यात पुण्याचे डॉक्टर हवापालटाला उतरले होते. ते माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतात, आत पाहतात आणि म्हणतात, "टाळू शाबूत आहे. ओठ शिवता येईल." शिवायचं राहिलं बाजूला, तुम्ही चरवी खाली ठेवता आणि विचारता, "सायेब, ह्ये विळीनं व्हतं का?"

डॉक्टर हसले नाहीत. तुमच्याशेजारी पायरीवर बसले. "पोटात चेहरा एकसंध येत नाही. दोन्ही बाजूंचे भाग पुढे सरकत येतात आणि नाकाखाली जुळतात, दुसऱ्या महिन्यातच. एखाद्याचं जुळायचं राहून जातं. कुणाचा जबडा आखूड राहतो, कुणाचा वाकडा वाढतो. दर वेळी कारण आम्हालाही सांगता येत नाही. पण विळीचा काही संबंध नाही."

परतताना तुम्ही वाटभर तेच घोकत होतात. घरी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही थेट काठवटीतला पिठाचा गोळा उचललात.

"पीठ नासू नका," आई म्हणाली.

"नासत न्हाई. बघ तर."

डॉक्टरांचं बोलणं सांगत सांगत तुम्ही गोळा चपटा केलात, नाक काढलंत, दोन्ही अंगठ्यांनी गाल पुढे आणून नाकाखाली जुळवलेत. चेहरा असा तिरपा झाला की आई म्हणाली, "ह्यो तर माझा थोरला भाऊ," आणि मी हसून लोळले. मग तिचा हात थांबला.

"कितव्या म्हयन्यात जुळतं म्हनला?"

"दुसऱ्या."

"गिराण तर सातव्यात लागलतं." तिनं पिठाच्या बोटांवर महिने मोजले. "म्हंजी मी विळीवर बसले तवा हिचा वठ आदीच तसा व्हता."

"व्हय."

तिनं तो चेहरा पुन्हा मळला, थापला, तव्यावर टाकला आणि ती भाकरी मला वाढली. संध्याकाळी मला पुढे घालून पाणवठ्यावर गेली आणि भेटेल त्या बाईला बोटांवर महिने मोजून सांगत सुटली. ऐकून ऐकून बायका कंटाळल्या, ती कंटाळली नाही.

पुण्यात मला टाके पडले. ते बघून तुम्हीच चक्कर येऊन आडवे झालात, आणि नर्सबाई मला सोडून तुमच्या तोंडावर पाणी मारत बसल्या. गावात मात्र तुम्ही सांगितलंत, पोरगी लय धीराची. धीर कसला, मला हसू येत होतं आणि हसलं की टाके ओढत होते.

ओठ जुळला तरी बोलणं लगेच जुळलं नाही. ब म्हणायला गेलं की व यायचा. डॉक्टरांनी रोज म्हणवून घ्यायला सांगितलं होतं. धारा काढून झाल्या की तुम्ही मला ओट्यावर समोर बसवायचात.

"म्हन, बाबा."

"वावा."

"आसूं दे. पुन्यांदा."

दिवाळीपासून होळीपर्यंत रोज, आणि तुम्ही एकदाही चिडला नाहीत.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहून टाकते. मला संक्रांतीलाच नीट 'बाबा' म्हणता येत होतं. गोठ्यात म्हशीला म्हणून दाखवलं होतं. तुम्हाला कळलं असतं तर ओट्यावर बसणं थांबलं असतं.