आपोआप सुरू होणारा आवाज

५ ऑक्टोबर

वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा मी मुका!

घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. आता मी टाइप करतो, लॅपटॉप बोलतो — माझ्याच आवाजात. जुन्या भाषणांच्या कॅसेटींवरून तो बनवला आहे, त्यामुळे चहा मागितला तरी गर्जना होते. सगुणा म्हणते, "अहो, बायकोकडे मागताय की सरकारकडे?"

लॅपटॉपची बॅटरी मेलेली. वीज गेली की तो बंद. परत चालू केला तरी आवाजाचं सॉफ्टवेअर शोधून उघडावं लागतं. आधी चष्मा शोधा, मग ते शोधा — तोवर समोरचा उठून जातो. घरात चालेल. पण एकवीस तारखेला जनसुनावणी! वाडीच्या डोक्यावरच्या डोंगरात बांधकामाचा दगड काढणारी चिरेखाण येते आहे आणि खाली आमच्या विहिरी. तिथे वीज गेली तर?

७ ऑक्टोबर

दर्शना आली. माझी जुनी विद्यार्थिनी, मारुती मंदिरापाशी कॉम्प्युटरचा क्लास चालवते. "सर, हे सॉफ्टवेअर 'सर्व्हिस' म्हणून लावू, म्हणजे पडद्याआड चालणारा प्रोग्राम. मशीन चालू झालं की मागच्या मागे आपोआप सुरू होईल."

केलं. यादीत दिसतंय — 'चालू आहे'. तोंडातून शब्द नाही!

तासाभराने तिला उलगडलं. "सर्व्हिस लॉग-इनच्या आधीच सुरू होते. तिला स्क्रीनही नाही, स्पीकरही नाही. ती आत बसून बोलतेय, बाहेर कुणाला ऐकू येणार?"

मला तिचा उगाचच राग आला.

८ ऑक्टोबर

दुसरा उपाय. लॅपटॉप पासवर्ड न विचारता उघडणार, मगच सॉफ्टवेअर सुरू होणार, आणि खूण म्हणून माझ्या भाषणाचा पहिला परिच्छेद वाचणार. चाललं!

११ ऑक्टोबर

दर्शना समोर होती म्हणून चाललं असेल तर?

आज नऊ वेळा तपासलं. वीज जाते तसंच जायला हवं, म्हणून भिंतीतला प्लगच उपटतो. विजा कडाडल्या की घरातले सगळे प्लग उपटायची सवय आहेच. नऊच्या नऊ वेळा गरजला — "हा डोंगर कुणाच्या बापाचा नाही!"

शेजारच्या गोदूबाई आवाराच्या गडग्यापलीकडून ओरडल्या, "अवो सर, डोंगर नाय कुनाच्या बापाचा, कळलं! दुपारची झोप तरी आमची हाय ना?"

१५ ऑक्टोबर

चौदा वेळा.

१८ ऑक्टोबर

अकरा. एकदा सुरू व्हायला फार वेळ लागला. म्हणून आणखी चार वेळा. सगुणा म्हणाली, "त्या प्लगची तरी दया येऊ दे."

२१ ऑक्टोबर

सभागृहात वीज होती. अधिकारी होते, खाणवाले होते, आमची वाडी होती. लॅपटॉप चालू केला. काळा पडदा, वर पांढरी एक ओळ — डिस्क सापडत नाही.

सगुणाने दर्शनाला फोन लावला. "चालत्या मशीनचा प्लग उपटत होते? रोज? काकू, डिस्कच गेली!"

माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. ओठ हलले, नुसती हवा. खाणवाल्यांतलं कुणीतरी हसलं.

मागून आवाज आला — "हा डोंगर कुणाच्या बापाचा नाही!"

गोदूबाई! सगळा परिच्छेद, माझ्या चढउतारासकट. तो संपला. यंत्राने तेवढाच ऐकवला होता. वाटलं, आता बसतील.

"आता फुडचं माझं. सरांनी घर बांधलानी, तेव्हा चिरे काढलानी ते ह्याच डोंगराचे. एक कडच कापलानी. तेव्हापास्नं माझ्या विहिरीचं पानी मार्चात आटतंय. एका घरापायी ही गत, मग खाणीपायी काय व्हईल?"

"कोणत्या साली?" अधिकाऱ्याने विचारलं. त्यांनी साल सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली — होय. त्याने लिहून घेतलं.

पंचवीस वर्षं त्या माझ्या शेजारी राहतात. हे मला कधीच बोलल्या नाहीत. सगुणाला विचारलं, कागदावर लिहून. ती म्हणाली, "तुम्ही बोलायचं थांबायचात कधी?"

२४ ऑक्टोबर

सोमवारी अधिकारी गोदूबाईंची विहीर बघायला येणार आहेत, तोवर खाणीची परवानगी थांबली.

डिस्क बदलून झाली. दर्शनाने विचारलं, "सर, आपोआप सुरू होणारं परत लावू ना?"

नको म्हटलं. लागेल तेव्हा मी उघडीन.